गराजमधला कांदा

माझ्या पोरीने मला रडवलं. म्हणजे गाण्यात रडवलं. प्रत्यक्षात मला रडवणारं माणूस अजून जन्माला यायचंय, आणि हे तिला माहीत असायला हवं होतं, कारण ती माझ्याच हाताखाली वाढली आहे.

आमची ऋता कंट्री गाते, म्हणजे इकडचं गावाकडचं गाणं. हॅट, बूट, गिटार, सगळं आहे. टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोतल्या मराठी मंडळात इतरांच्या मुली भरतनाट्यम शिकतात आणि मग डॉक्टर होतात. आमची टायरच्या दुकानात काउंटरवर बसते आणि शुक्रवार-शनिवार कुठल्या तरी डान्स हॉलमध्ये, बार्बेक्यूच्या हॉटेलात स्वतः लिहिलेली गाणी म्हणते. सुरुवातीला लोक विचारायचे, "कंट्री म्हणजे ते ट्रकचं आणि बिअरचं ना?" मी म्हणायचे, हो, तेच. बाप स्कूलबसच्या यार्डात मेकॅनिक, आई पोळ्या लाटते, तिने काय विमानातल्या फर्स्ट क्लासवर गाणी लिहायची?

तिच्या बापाचं नाव बाळ. डोक्यावर एक काळा केस उरला नाही, पण नाव बाळ. माझे थोरले दीर मोरेश्वरदादा इथे पहिल्या फळीत आलेले डॉक्टर. त्यांनी धाकट्या भावाला स्पॉन्सर करून आणलं. दादा आले ते डिग्री घेऊन, हे आले ते सांगलीजवळच्या कुपवाडच्या कारखान्यातला फिटरचा अनुभव घेऊन. त्यामुळे दादा हायवेच्या त्या बाजूच्या मोठ्या घरांत राहतात आणि आम्ही ह्या बाजूच्या जुन्या वस्तीत. माझी काही तक्रार नाही. आमचं गराज दादांच्या गराजपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

कारण माझा सगळा धंदा गराजमध्ये. इथे घरात खमंग फोडणी दिली की वास गालिच्यात शिरतो, कोटात शिरतो, पोरांच्या दप्तरात बसून शाळेपर्यंत जातो. म्हणून आमच्यातल्या कितीतरी बायकांनी गराजमध्ये शेगडी मांडलेली असते. मी तिथे पोळ्या लाटते आणि रविवारी कांदा-लसूण मसाला करते. तो घरात भाजायची सोय नाही, अशी खाट उठते की शेजारचा कुत्रा शिंकतो. आठवडाभर कंपन्यांमधली पोरं गाड्या घेऊन येतात आणि डबे घेऊन जातात.

तर ऋताच्या गाण्यातून आमच्या घरातली एक वस्तू सुटलेली नाही. ह्यांच्या शर्टावर शिवलेलं नाव, नखातलं ग्रीस, जेवणाचा पत्र्याचा डबा. माझ्या पोळपाटावर गाणं आहे. बूट घातलेले धिप्पाड टेक्सन माझ्या पोळपाटाच्या गाण्यावर बायकांना गरागरा फिरवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. हे तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला जायचे. स्टेजच्या डाव्या बाजूला, स्पीकरपासून लांब, हाताची घडी घालून उभे. टाळ्या वाजवायचे नाहीत. घरी आल्यावर म्हणायचे, "तिसरी तार जरा उतरली होती." एवढंच. पण गाडी चालवताना तिचीच गाणी गुणगुणायचे, आणि शब्द चुकवायचे.

मग ह्या उन्हाळ्यात तिने ते कांद्याचं गाणं लिहिलं.

गाण्यात एक लहान मुलगी आहे. रविवारची दुपार आहे. मुलगी झोपेतून उठून गराजच्या दाराशी येते. आत कोणीतरी हुंदके देतंय आणि कांदा चिरल्याचा आवाज येतोय. तिला फक्त आईची पाठ दिसते. ती विचारते, आई, काय झालं? आणि आई मागे न वळता म्हणते, काही नाही बाळा, कांदा आहे. दुसऱ्या कडव्यात बाप येतो. म्हणजे येत नाहीच. तो घरात कुठेतरी गप्प आहे, त्याला काही ऐकू जात नाही, तो काही विचारत नाही. आणि शेवटी ती मुलगी मोठी होऊन म्हणते की मला तेव्हाही माहीत होतं, एवढं रडवणारा कांदा नसतो.

चाल चांगली आहे, मी खोटं कशाला बोलू. कोणीतरी त्याचा व्हिडिओ फोनवर टाकला आणि तो इतका पसरला की एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तिला फोन केला. पोरगी इतकी वर्षं रिकाम्या खुर्च्यांपुढे गात होती. पहिल्यांदा कोणी तिला विचारत होतं, हे नीट रेकॉर्ड करशील का?

आणि इकडे माझी पंचाईत सुरू झाली. डबे न्यायला येणारी पोरं माझ्याशी एकदम हळू आवाजात बोलायला लागली. अमेय म्हणून एक आहे, नागपूरचा, एरवी "काकू, पोळ्या आज जाड आहेत यार" असं तोंडावर सांगणारा. तो म्हणाला, "काकू, तुम्ही खूप स्ट्राँग आहात." मी म्हटलं, अरे, पिठाची पिशवी उचलावी लागते, असणारच. तर त्याचे डोळे भरून आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण खरा त्रास माझा नव्हता, ह्यांचा होता. हे गराजमध्ये आले की पोरं गप्प व्हायची. मंडळाच्या पिकनिकला ह्यांच्या टेबलावर कोणी बसेना. नैना नावाची एक नवीन मुलगी, माझी पोळी खाऊन जगते, तिने ह्यांच्या हातून ताट घेतलं नाही, स्वतः वाढून घेतलं. ह्यांनी ते बघितलं. मग हे पिकनिकलाही येईनात, आणि ऋताच्या कार्यक्रमालाही जाईनात. गुडघा दुखतो म्हणाले. ह्या माणसाचा गुडघा बसखाली शिरताना कधी दुखला नाही.

आता काय झालं होतं ते सांगते, कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या रविवारी रडत होते ते हे. मी नव्हते. आम्हाला इथे येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि सांगलीला सासूबाई वारल्या. ह्यांची यार्डातली नोकरी नवी होती, कायम झालेली नव्हती. फोरमन म्हणाला, तुला जायचं तर जा, पण मी जागा धरून ठेवणार नाही. घरात ऋता सात वर्षांची, दादांच्या घरातून नुकतेच बाहेर पडून ह्याच घरात भाड्याने राहिलेलो. हे गेले नाहीत. दादा गेले, त्यांनी सगळं केलं. आणि ह्यांनी फोरमनचं कोणाला सांगितलं नाही, दादांनाही नाही. स्पॉन्सर करून आणलेल्या भावाने पहिल्या वर्षातच तोंड वेंगाडायचं नाही, असं ह्यांच्या डोक्यात. फोनवर म्हणाले, "दादा, तू आहेस ना तिथे, एकाने गेलं की पुरे." तेराव्याच्या दिवशी दादांचा फोन आला, तो ठेवला आणि हे सरळ गराजमध्ये आले. मी मसाल्याचा कांदा चिरत होते. ह्यांच्याकडे बघितलं आणि मी सुरी ह्यांच्या हातात दिली. म्हटलं, घ्या, चिरा, आणि हवं तेवढं रडा, कोणी विचारलं तर कांदा आहेच. आणि मी ह्यांच्या पुढे, दाराकडे पाठ करून उभी राहिले.

नंतर ह्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. कोणाला सांगायचं नाही, पोरीला तर नाहीच. मी दिला आणि पाळला. म्हणून आता तोंडाला कुलूप. रडकी मी, निष्ठुर हे, आणि दोन्ही खोटं.

अशात एका शनिवारी सकाळी मोरेश्वरदादा आले. पाठोपाठ सुवर्णावहिनी, चेहऱ्यावर सहानुभूतीचा लेप. चहा झाला. दादांनी घसा खाकरला आणि ह्यांना समोर बसवून सांगायला लागले. घरातल्या बाईला मान द्यावा लागतो, बाळ. तिच्या मनात काय चाललंय ते विचारावं लागतं. आपल्या पिढीतल्या पुरुषांना हे कोणी शिकवलं नाही, पण आता शिकायला हवं. हे मान खाली घालून "हो दादा, हो दादा" म्हणत होते. ह्या वयात माणूस धाकटा भाऊ झाला की कसा दिसतो, ते मला बघवेना.

मग दादा म्हणाले, "तू आईच्या वेळीही असाच कोरडा राहिलास. मी काही बोललो नाही इतकी वर्षं. तेरा दिवस दारात गाडी वाजली की मला वाटायचं, बाळ आला."

माझ्या हातात लाटणं होतं. मी तोंड उघडलं होतं, खरं सांगते, पहिला शब्द जिभेवर होता. ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी शब्द गिळला आणि लाटणं इतक्या जोरात ठेवलं की वहिनींचा कप हिंदकळला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, बिचारीला उमाळा आला.

ते गेल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. "का ऐकून घेतलंत?"

"गाणं चाललंय तिचं," हे म्हणाले. "पहिल्यांदा लोक ऐकतायत. बाप वाईट असला की गाण्याला बरं पडतं."

"आणि मी? मी सगळ्या गावात रडकी ठरले त्याचं काय?"

"तू रडकी नाहीस हे मला माहीत आहे की."

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग? सुवर्णावहिनींना कुठे माहीत आहे?"

हे हसले. मग उठून शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन उघडायला गेले.

मी ऋताला फोन लावला. म्हटलं, ते दुसरं कडवं बदल. बापाला काढ त्यातून. ती म्हणाली, "आई, आय कान्ट. मी ते ऐकलंय, विथ माय ओन इयर्स. माझी मेमरी आहे ती."

"लहान होतीस. चुकीचं कळलं असेल."

"मग बरोबर काय आहे ते सांग ना."

मी तव्यावरची पोळी उलटली.  मग ती हळूच म्हणाली, "बाबांवर रागावलेली नाहीये मी. पण ते कडवं खरं आहे म्हणून लोक रडतात, यार आई."

"मला यार म्हणू नकोस," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पोरीचं चुकत होतं असं म्हणायलाही जागा नाही. दिसलं तेवढंच तिने लिहिलं होतं, आणि तिच्यासमोर उभी राहून दिसू न देणारी मीच होते.

पुढच्या शनिवारी दुपारी ती रेकॉर्डिंगचं सामान घेऊन घरी आली. तिला गाण्यात खऱ्या कांद्याचा आवाज हवा होता. स्टुडिओत चिरला तर तो स्टुडिओचा कांदा वाटतो म्हणे. गराजमध्ये तिने टेबलाजवळ माइक लावला, कानाला हेडफोन लावले, आणि म्हणाली, "आई, चीर." हे कोपऱ्यात त्याच मशीनपाशी बसले होते. मी घरात जा म्हटलं तरी गेले नाहीत. पोरगी घरी आली की हे काही ना काही काढून तिच्या आसपास बसतात.

मी चिरायला घेतलं. खटखटखटखट.

"टू फास्ट," ती म्हणाली. "तेव्हा असं नव्हतं."

"कसं होतं मग?"

तिने बोटाच्या पेराने टेबलावर वाजवून दाखवलं. ठक. मग बराच वेळ काही नाही. ठक, ठक. पुन्हा काही नाही. "मला पाठ आहे तो आवाज. अख्खं गाणं त्या ठेक्यावर आहे."

मी हळू चिरून बघितलं. जमेना. इतक्या वर्षांचा हात, तो ऐकतो कुठे. "नाही गं, तू मोजतेयस," ती म्हणाली. "ते मोजलेलं नव्हतं. परत." परत केलं. परत नाही. ती वैतागली, मी तिच्याहून वैतागले. म्हटलं, माझी काय गाण्याची तालीम घ्यायला आलीयस का, माझा मसाला राहिलाय.

तेवढ्यात हे उठले. सिंकवर हात धुतले, दोनदा साबण लावून. टेबलापाशी आले आणि माझ्या हातातून सुरी घेतली.

हे सुरी धरतात ती लोखंड घासायची कानस धरल्यासारखी. ठक. कांदा घसरला, तो परत धरला. नाक ओढलं. ठक, ठक. थांबले, बाहीने डोळे पुसले. ठक.

ऋताने हेडफोन काढले. ती ह्यांच्या हाताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग ती उठली आणि घरात जायच्या दाराच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, लहानपणी राहिली होती तिथे, आणि तिथून बघितलं. मला कळलंच नव्हतं, पण सुरी ह्यांच्या हातात गेल्याबरोबर मी आपोआप ह्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले होते, दाराकडे पाठ करून.

"तू नव्हतीस," ती माझ्या पाठीला म्हणाली.

मी वळले नाही. मी शब्द दिला होता.

"बाबा?"

ह्यांच्या गालावरून पाणी चाललं होतं. "कांदा आहे गं," हे म्हणाले.

ती पायरीवरून आली आणि बापाच्या गळ्यात पडली. सुरी हातातच होती, ती मी काढून घेतली, नाहीतर दोघांनी एकमेकांना कापलं असतं. मग ह्यांनी तिला सांगितलं. आजीचं तेरावं, फोरमन, दादांचा फोन. पाच-सहा वाक्यांत संपवलं. एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट इतकी लहान असेल असं मलाही वाटलं नव्हतं. ऋता म्हणाली, "मी तुम्हाला काय केलं बाबा, सगळ्यांसमोर." हे म्हणाले, "काही नाही केलंस. ठेका एकदम बरोबर पकडलास."

मग जरा वेळाने म्हणाले, "घाल हवं तर गाण्यात. मला चालेल आता. फक्त तुझ्या आईला रडवू नकोस. तिने त्या दिवशी टिपूस काढलं नाही. मी इकडे हुंदके देतोय आणि ती सांगतेय, जाड चिरताय, मसाल्याला बारीक लागतो."

"लागतोच," मी म्हटलं.

माइक सुरूच होता. नवीन गाण्यात तो सगळा ठेका ह्यांच्या हातचा आहे. दुसऱ्या कडव्यात आता फोरमन आहे, आणि समुद्रापलीकडे चाललेलं तेरावं आहे, आणि गप्प राहिलेला बाप आहे, पण त्याचं गप्प राहणं आता ऐकणाऱ्याला कळतं. आणि नवऱ्यासमोर भिंतीसारखी उभी असलेली एक बाई आहे, कोरड्या डोळ्यांची. ते कडवं मला आवडतं. गाणं संपतं तिथे वाद्यं थांबतात आणि ह्यांचा आवाज येतो, "कांदा आहे गं." मराठीतच. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने विचारलं, ह्याचा अर्थ काय? ऋताने सांगितलं नाही. तो म्हणाला, राहू दे, कळलं.

गाणं बाहेर आलं त्या दिवशी सुवर्णावहिनींचा फोन आला. त्या काही बोलू शकल्या नाहीत, मीच दोन मिनिटं मसाल्याबद्दल बोलले आणि ठेवला. दादांचा काही निरोप नाही. हे तीन-चार दिवस फोन वाजला की उठून बघायचे आणि परत बसायचे.

रविवारी दुपारी मी कांद्याचा ढीग घेऊन बसले होते, हे पसारा आवरत होते, आणि गराजच्या उघड्या दारात दादा येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, चांगले बूट. एकटेच. ह्यांनी खुर्ची पुढे केली. दादा बसले नाहीत. टेबलापाशी आले, ढिगाकडे बघितलं.

"मला का नाही सांगितलंस?" दादा म्हणाले.

"तू आधीच एवढं केलं होतंस," हे म्हणाले.

दादांनी बाह्या वर केल्या. "सुरी दे एक," मला म्हणाले.

मी दिली. जन्मात कधी कांदा चिरला नसेल त्या माणसाने. दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले आणि चिरायला लागले, एक कानस धरल्यासारखी सुरी धरून आणि एक ऑपरेशन करत असल्यासारखी. थोड्या वेळाने दोघांचीही नाकं वाहायला लागली. दादा मधेच म्हणाले, "आई शेवटी तुझंच नाव घेत होती, तिथले सगळे सांगत होते." ह्यांनी पुढचा कांदा ओढला. ठक. ठक, ठक. फार जाड चिरत होते दोघे. मी काही म्हटलं नाही.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि अमेय डबा घ्यायला आला. मी पटकन पुढे गेले आणि दारात, आतलं काही दिसणार नाही अशी उभी राहिले.

"काकू, सगळं ठीक आहे ना?" तो मान वाकडी करून आत बघायचा प्रयत्न करत होता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "कांदा चाललाय आत. तू जरा वेळाने ये."